आजोबांची बाटली

यवतमाळ शहर मागे टाकून दारव्हा मार्गाने निघालात की लोहारा लागते. एकेकाळी हे स्वतंत्र गाव होते. आता शहराने त्याला जवळजवळ कवेत घेतले आहे. औद्योगिक वसाहतीच्या शेडा आणि कमलेश्वराचे जुने दगडी देऊळ येथे शेजाराने नांदतात. एप्रिल लागला की गावापलीकडच्या सागवानी टेकड्या पानगळीने उघड्या पडतात, पायांखाली वाळलेली पाने कुरकुरतात आणि पहाटेच्या वाऱ्यावर मोहफुलांचा गोडसर वास येतो. याच सुमारास घरोघरी पुण्या-मुंबईहून, क्वचित परदेशातूनही, नातवंडे येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "आजोबा, आपण डोंगरावर कधी जायचं?"

या प्रश्नाला नकार देऊ नका. वैद्यकीय व्यवसायात तीस वर्षे काढल्यावर माझे मत झाले आहे की मुलाने आजोबांचे बोट धरून रान पाहणे ही दोघांच्याही प्रकृतीला हितकर गोष्ट आहे. मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात ती तयारीनिशीच करावी लागते. ही तयारी मी कोठे शिकलो, ते आधी सांगतो. शिकवणारी चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मोठ्या बहिणीचा सात वर्षांचा नातू आदल्याच संध्याकाळी पुण्याहून आला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजण लोहाऱ्यापलीकडच्या टेकडीवर निघालो. सहाला निघायचे ठरले होते; पोहे, चहा आणि हरवलेली टोपी यांत साडेआठ वाजले. माझे वडील तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. रक्तदाबासाठी त्यांना लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू होती आणि ती मीच लिहून दिलेली होती. साडेदहाच्या सुमारास उतरताना मुलगा गप्प झाला, त्याचा चेहरा लालबुंद दिसू लागला. आम्ही सगळे त्याच्याभोवती जमलो, त्याला सावलीत बसवले, पाणी पाजले. तो सावरला. "चला," असे म्हणून मी मागे वळलो, तर उठून उभे राहू पाहणारे वडील दगडाला धरून खाली बसत होते. चेहरा पांढराफटक, नाडी जलद आणि क्षीण. त्यांची बाटली पाहिली, तर ती रिकामी होती. पण त्यांनी स्वतः दोन घोटांपलीकडे पाणी प्यायलेच नव्हते. बाकीचे सारे त्यांनी वाटेत थोडे थोडे करून पणतवाला पाजले होते. शुद्धीवर होते, म्हणाले, "मले काय होते? पोराले पाणी पुरलं पाहिजे."

दवाखान्यात शिरेवाटे सलाईन दिल्यावर संध्याकाळपर्यंत ते बरे झाले. परंतु मी डॉक्टर असून, गोळी माझ्याच हातची असून, दीड तास त्यांच्यापुढे चालत होतो आणि मला काही दिसले नाही. आम्ही सर्वजण मुलाकडे पाहत होतो.

दोन न बोलणारी शरीरे

ऊन ज्या दोघांना अधिक बाधते, ते दोघेही वेळेवर तक्रार करीत नाहीत. सहलीची सारी आखणी या एका गोष्टीभोवती व्हायला हवी.

लहान मुलाचे शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभाग असलेले असते, त्यामुळे भोवतालची उष्णता ते लवकर शोषून घेते. त्याला घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि चालताना वजनाच्या प्रमाणात त्याच्या शरीरात उष्णता अधिक निर्माण होते. त्यातून खेळाच्या भरात त्याला तहानेचे भान नसते. मूल दमले म्हणून थांबत नाही. ते चिडचिडे होते, हट्ट करते किंवा अचानक गप्प होते. आपण त्याला "लाडावलेले" म्हणतो आणि खूण हुकते.

ज्येष्ठांचे कारण निराळे, परिणाम तोच. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते. शरीरात पाणी कमी झाले तरी घसा कोरडा वाटत नाही. घामाच्या ग्रंथींचे काम उणावते, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमता घटते. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्यांची भर पडली की उठून उभे राहताना भोवळ येते. याशिवाय आपल्या पिढीचा एक संस्कार आहे: स्वतःसाठी काही मागायचे नाही. तो संस्कार थोर असला तरी मे महिन्याच्या टेकडीवर तो घातक ठरतो.

म्हणून आमच्या घरी तेव्हापासून दोन नियम आहेत. पहिला असा की प्रत्येकाची बाटली स्वतंत्र आणि नावाची. आपली बाटली आपणच प्यायची. मुलासाठी जादा पाणी तरुण माणसाच्या पाठीवर असेल, आजोबांच्या वाट्यातून नव्हे. दुसरा नियम जोड्यांचा. एका मुलावर एका तरुणाची नजर आणि एका ज्येष्ठावर दुसऱ्या तरुणाची. सर्वांनी मिळून सर्वांकडे पाहायचे ठरवले की एकाकडे कोणीच पाहत नाही.

पाहुण्याला चार दिवस द्या

गार हवेतून आलेल्या शरीराला आपल्याकडच्या उन्हाशी जुळवून घेण्यास साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर येऊ लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते, हृदयावरचा ताण उतरतो. मुलांमध्ये हा बदल मोठ्यांपेक्षा सावकाश होतो. आदल्या संध्याकाळी उतरलेल्या मुलाला दुसऱ्या सकाळी टेकडीवर नेणे ही माझी पहिली चूक होती.

पहिले तीन-चार दिवस सकाळी अर्धा तास अंगणात, देवळापर्यंत किंवा शेताच्या बांधावर फिरवा. मग तासभर. टेकडी दुसऱ्या आठवड्यात. रात्री वातानुकूलित खोलीत आणि दिवसा उन्हात असे एकदम टोकाचे बदल टाळा. आजी-आजोबांनीही याच दिवसांत रोज सकाळी चालण्याचा सराव करावा. वर्षभर गच्चीवरच फेऱ्या मारणाऱ्याने एकदम चढण घेऊ नये.

दिवस निवडताना हवामान विभागाचा इशारा पाहा. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले, किंवा ते ४५ अंशांना पोहोचले, की उष्णतेची लाट मानतात. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी सहल नाही; मुले कितीही रुसोत. २५ मेच्या आसपास सुरू होणारा नवतपा तर सरळ घरात, कूलरपुढे, पत्ते आणि गोष्टींत घालवावा.

वेळ एकच: उजाडल्यावर निघून नऊच्या आत घरी. "उजाडल्यावर" हे मुद्दाम लिहितो आहे. अंधुक पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या माणसांवर अस्वलाचे व वाघाचे हल्ले झाल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. नीट दिसू लागल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये.

कोठे जावे

अगदी लहान मुले आणि सत्तरीपुढचे ज्येष्ठ यांना घराजवळची टेकडी पुरेशी आहे. चढण तासाभराचीच असावी, वाट गावकऱ्यांच्या रोजच्या वापरातली असावी आणि मोबाइलला संपर्क मिळत असावा. शिखर गाठलेच पाहिजे असे नाही. सर्वांत लहान पाय आणि सर्वांत थकलेले गुडघे जेथे थांबतील, तेथे शिदोरी सोडावी.

थोडे मोठे झालेले मूल वाघाचा हट्ट धरते. त्याला पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात न्या. सुमारे १४८ चौरस किलोमीटरांचे हे रान आहे. तेथे पायी हिंडता येत नाही, वनविभागाच्या नियमांनुसार वाहनातूनच जावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी ही सोयच आहे. उघड्या गाडीतला वारा मात्र फसवा असतो. घाम लगेच वाळतो, त्यामुळे पाणी जात असल्याचे कळत नाही. सकाळची फेरी घ्या आणि दुपट्टा ओला करून डोक्या-कानांभोवती गुंडाळा. जाताना मुलांना एक खरी गोष्ट सांगा. याच टिपेश्वरातून २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ निघाला आणि सुमारे तीन हजार किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. त्याची वाटचाल बहुतांशी रात्रीची होती. भर उन्हात चालू नये, हे वाघालाही कळते.

मुक्कामाची हौस असेल तर अमरावती-परतवाडा मार्गे चिखलदरा गाठावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरचे हे विदर्भाचे थंड हवेचे ठिकाण. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. यवतमाळ स्वतः साडेचारशे मीटरच्या आसपास असल्याने दोहोंत फरक चार अंशांचा धरावा. म्हणजे घरी ४३ असेल तर तेथे ३९. सावलीत आणि रात्री हा फरक सुखद वाटतो. पण दुपारी गाविलगडाच्या उघड्या तटावर ऊन तेच असते. "थंड हवेचे ठिकाण" या शब्दांनी अनेकजण गाफील होतात आणि बारा वाजता किल्ला पाहायला निघतात. १८०३ मध्ये इंग्रज फौजांनी जिंकलेला हा किल्ला सकाळी सातला पाहावा. घाटात मुलांना उलट्या होतात, म्हणून पोट भरून बसवू नये. कोरडा चिवडा किंवा एखादे बिस्किट पुरे. आणि गाडी कोठेही थांबली तरी बंद गाडीत मूल किंवा ज्येष्ठ, कोणालाही "पाचच मिनिटे" म्हणून सोडू नये. उन्हात उभी गाडी काही मिनिटांत भट्टी होते.

पिशवीत काय असावे

पाणी सर्वांत आधी. चालताना मुलाला दर वीस मिनिटांनी अर्धा पेला पाणी द्या. मागण्याची वाट पाहू नका. त्याच वेळी ज्येष्ठांनीही तितकेच प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून त्या दिवसाचे प्रमाण ठरवून घ्यावे. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी कशी घ्यावी, हेही विचारावे. मनाने बंद करू नये. मधुमेहींनी खडीसाखर खिशात ठेवावी. इन्सुलिन थर्मासमध्ये न्यावे, पण बर्फाला थेट टेकू देऊ नये.

ओआरएसची चार पाकिटे ठेवा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा सलाईन संपत आलेले पाहून डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे हे साधे पाणी रुग्णांच्या नातलगांकरवी पाजवले आणि असंख्य जीव वाचवले. तेच हे औषध. मोठे पाकीट एक लिटर पाण्यातच पूर्ण विरघळवावे, अर्धे-अर्धे करू नये, आणि चोवीस तासांनी उरलेले टाकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ओआरएससारख्या दिसणाऱ्या गोड पेयांवर ते नाव छापण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. तरी खरेदी करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वाचून घ्यावा. ताक, कैरीचे पन्हे, लिंबूपाणी हे आपले जुने मित्र उत्तमच. खिशातला कांदा जवळ बाळगण्यास हरकत नाही, परंतु त्याच्या भरवशावर पाणी कमी नेऊ नका.

याखेरीज सैल सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, कडा असलेली टोपी, बंद बूट, विजेरी, शिट्टी, नेहमीच्या गोळ्या आणि प्रत्येक ज्येष्ठाच्या खिशात औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी.

रानातले शेजारी

मुलांना आधीच बजावा: रानातले काहीही तोंडात घालायचे नाही. बांधावरच्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात आणि त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाल्याचे प्रसंग आपल्या जिल्ह्याला नवे नाहीत. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजल्यासारखी होते, खाजकुयलीच्या लवेने अंग पेटते.

कड्यावर किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ दिसले तर आवाज न करता परत फिरा. दगड, धूर, उग्र अत्तर यांनी माश्या खवळतात. उठल्याच, तर चेहरा झाकून शक्य तितके दूर पळावे. बसून राहू नये. अनेक डंख झालेल्या मुलाला किंवा ज्येष्ठाला, तसेच डंखानंतर श्वास लागल्यास किंवा ओठ सुजल्यास कोणालाही, ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

तंबूत मुक्काम असेल तर जमिनीवर झोपू नका. खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. मण्यार रात्री झोपलेल्यांना चावते, तिच्या दंशाने फारसे दुखत नाही, आणि पहाटे पोटात कळ, जड पापण्या, अडखळती जीभ अशा रूपाने विष प्रकटते. असे दिसल्यास "रात्रीचे जेवण बाधले" म्हणून थांबू नका. कोणत्याही सर्पदंशात कापणे, चोखणे, करकचून बांधणे टाळावे. अवयव हलू न देता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. सकाळी बूट झटकूनच घाला. विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम, उलट्या, थंड हातपाय अशी लक्षणे दिसली तर वेळ दवडू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग सिद्ध केल्यापासून या दंशातून असंख्य मुले वाचली आहेत. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेळेत मिळावी लागते.

शेकोटीचा मोह आवरा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी वणव्याचा काळ. वाळलेल्या सागपानांना एक ठिणगी पुरते.

थांबण्याच्या खुणा

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, गडद पिवळी लघवी किंवा कित्येक तास लघवीच न होणे: यांपैकी एक जरी दिसले तरी सहल तेथेच संपवा. सावली, विश्रांती, घोट घोट ओआरएस. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, पेंगू लागला, तोल जाऊ लागला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात. येथे मिनिटे मोजायची असतात. १०८ ला फोन करा आणि गाडीची वाट पाहत बसू नका. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा व जांघांत ओले थंड कापड ठेवा. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही.

इतके सारे वाचून सहलच नको, असे कृपया म्हणू नका. आमच्या यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अरुंद रुळांवरची ती गाडी एकशे तेरा किलोमीटरांना जवळजवळ सारा दिवस घेई. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. ते इंजिन पाणी घेतल्याशिवाय पुढे हलत नसे, आणि त्याबद्दल त्याला कोणी हसत नसे. नातवंडांबरोबरची वाट त्याच चालीने चालावी.

त्या घटनेनंतर वडील आणखी सहा उन्हाळे आमच्याबरोबर टेकडीवर आले. दुसऱ्या वर्षी बहिणीच्या नातवाने त्यांच्या बाटलीवर रंगीत खडूने "पणजोबा" असे लिहिले. दर वीस मिनिटांनी तो त्यांच्यासमोर उभा राहून ती किती रिकामी झाली ते पाही, आणि ते त्याच्यादेखत पीत. मुलाला पाणी पुरावे ही त्यांची इच्छा अशाने पुरी झालीच. कारण ते प्यायले की तोही पिई.

यंदा आपल्या बाटलीवर आपले नाव कोणाकडून लिहून घेणार आहात, ते ठरवून ठेवा.